तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीच्या मुलांनी चॅटबॉट वापरावा का?

सातारा, कोरेगाव, कराड, कुठेही जा, पालकांचा प्रश्न ठरलेला: "मुलगी अभ्यासाला चॅटजीपीटी वापरते. वापरू द्यावं का?" द्यावं. पण विषय बघून, आणि आधी वही उघडून.

गणितात खरा फायदा आहे. उदाहरण आधी तिने स्वतः सोडवावं, मग पायऱ्या टाइप करून विचारावं, "पहिली चूक कोणत्या पायरीत आहे तेवढंच सांग, उत्तर देऊ नकोस." अख्खं उदाहरण सोडवून घेतलं, तर वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात पहिली पायरीच सुचत नाही. भूमितीची आकृती फोटोवरून वाचताना चॅटबॉट कोन-बाजूंची गल्लत करतो. पक्ष आणि साध्य शब्दांत लिहून द्यावं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी सगळ्यात जपायचं ते विज्ञानात. या यंत्रांना शिकवलेल्या मजकुरात मराठीपेक्षा हिंदी कितीतरी जास्त, त्यामुळे हिंदी संज्ञा मराठी उत्तरात शिरतात. सोडियम हायड्रॉक्साइड आपल्या पुस्तकात आम्लारी. हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचं उदासिनीकरण झालं की मिळणारं मीठ म्हणजे क्षार. हिंदीत आम्लारीलाच क्षार म्हणतात आणि मिठाला लवण. 'आम्ल आणि क्षार मिळून लवण' असं पाठ केलं, तर रसायन बरोबर असूनही आपल्या पेपरात क्षार अभिक्रियेच्या चुकीच्या बाजूला जातो. म्हणून धड्यातल्या संज्ञा प्रश्नातच लिहून द्याव्यात आणि उत्तर पुस्तकाशी ताडून बघावं.

मराठी व्याकरणात वृत्तं त्याच्यावर सोडू नयेत. तो अक्षरं एकेक करून वाचत नाही, शब्दांचे तुकडे वाचतो, म्हणून लघु-गुरू चुकतात. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे भुजंगप्रयात तो बरोबर सांगेल, कारण ते जागोजागी छापलेलं आहे. अनोळखी ओळ दिली की जोडाक्षराआधीचं अक्षर लघु धरतो आणि गण बिघडतात.

इतिहासात सनावळीची खातरजमा हवीच. प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले १८३९ साली, सातारा संस्थान खालसा झालं १८४८ साली. असे जवळचे प्रसंग तो बिनदिक्कत एकत्र करू शकतो. प्रकल्पासाठी संदर्भ मागितले तर नसलेली पुस्तकंही पान क्रमांकासकट देतो.

घरात इंग्रजी कानावर पडत नसेल, तर इंग्रजी संभाषणाच्या सरावाला मात्र याच्यासारखा सोबती नाही. "एका वेळी एकच प्रश्न विचार, माझी एकच चूक सांग," एवढं बजावून रोज दहा-पंधरा मिनिटं बोलावं. निबंध मात्र तिचा तिनेच लिहावा.

आणि चॅटजीपीटीच्या अटींनुसार वय किमान १३ लागतं, १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची संमतीही. तेव्हा खातं उघडताना शेजारी बसा.