आमची वाटचाल: गव्हावर न दळलेलं पीठ

हल्ली राजगिऱ्याच्या लाह्यांच्या पाकिटावरही 'ग्लुटेन-फ्री' छापतात. ग्लुटेन म्हणजे गव्हा-जवातलं चिकट प्रथिन, राजगिऱ्यात ते कधी होतं? आम्ही सांगलीत बिनगव्हाची पिठं विकायला सुरुवात केली तेव्हा 'ग्लुटेन-फ्री' वाचून गिऱ्हाईक विचारायचं, "वजन कमी होतं का याने?" आमच्यासाठी तो धंदा नव्हताच. घरातल्या एका पोराला जेवायला काय घालायचं, एवढाच प्रश्न होता.

पोरगा माझ्या नणंदेचा. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली. शेवटी रक्ततपासणी आणि एंडोस्कोपीनंतर सिलिॲक निघालं, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार. त्याला गोळी नाही. गहू, जव आणि त्यातून निघणारं सगळं जन्मभर बंद. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी खाईल की, त्यात काय!"

पण मराठी घरात गहू फक्त पोळीत नसतो. मेतकुटात मूठभर गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात तर असतोच. बाजारचा बांधानी हिंग बहुधा मैद्यात मळलेला, म्हणजे वरणाची फोडणीही गेली. चकलीच्या भाजणीत गहू नसतो, पण ज्या तेलात आधी शंकरपाळे तळले त्यात चकली तळली की झालं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. पोरगं हात पुढे करायचं आणि वन्सं तो हात धरायच्या. पहिले काही महिने त्याला आम्ही उपासाच्या भाजणीवर काढलं. घरात रोजच एकादशी.

मग मी भाजणी बदलायला घेतली. गहू काढून ज्वारी वाढवली तर थालीपीठ तव्यावर फाटायला लागलं. उडीद थोडा जास्त घेतला, पीठ कढत पाण्यात भिजवून झाकून ठेवलं, तेव्हा जमलं. मेतकूट सोपं होतं, गहू वगळून तांदूळ वाढवला तर सासूबाईंनाही कळलं नाही. प्रसादाला तांदळाच्या रव्याचा शिरा केला. पुरणपोळीने मात्र छळलं. चिकटपणा गव्हाचा, तो आणायचा कुठून? तांदळाच्या पिठाची उकड काढून, चिमूटभर इसबगोल घालून, प्लॅस्टिकच्या कागदावर थापून जे होतं त्याला मी पुरणपोळी म्हणते. वन्सं म्हणत नाहीत.

हे सगळं करूनही पोराचं पोट अधूनमधून बिघडायचं. कारण गिरणीत होतं. बायका गिरणीत सांगतात ना, "अण्णा, ज्वारीवर दळा हं, गव्हावर नको"? त्यांना भाकरीची काळजी असते. आम्हाला पोराची होती. आधीच्या दळणाचं पीठ दगडांत आणि पिठाच्या पिशवीत राहतंच. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या अण्णांनी हे दुसऱ्यांदा सांगायला लावलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते आमच्यासाठी गिरणी उघडायचे, पिशवी बदलायचे, दगड उघडून ब्रशने झाडायचे, मग आधी जाडे तांदूळ दळून ते पीठ शेजारच्या म्हशीला द्यायचे आणि त्यानंतर आमची ज्वारी. दळणावळीत त्या तांदळाचे पैसे कधी लावले नाहीत. गिरणी बंद करताना त्यांची 16 इंची उभी चक्की त्यांनी आम्हालाच दिली. सांगाडा आणि मोटर त्यांची, दगड आम्ही नवे घातले. त्या दगडांना आजतागायत गव्हाचा दाणा लागलेला नाही. दगडांना टाकी लावायला, म्हणजे ते छिन्नीने खरखरीत करायला माणूस येतो त्याचीही हत्यारं आधी धुऊन घेते. तो हसतो. हसू दे.

या चक्कीवर धंदा उभा राहिला. दोन पिठं, दोन भाजण्या, मेतकूट, दिवाळीला चकली. मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या पहिल्या बाहेरच्या गिऱ्हाईक, त्यांच्या नातीला हाच आजार. त्या पीठ घेण्याआधी चक्की बघायला आल्या, पिशवी उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "तपासणीचा कागद कुठे आहे?" त्यांच्यामुळे आम्ही प्रयोगशाळेत नमुने पाठवायला लागलो. कायद्याची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची. हिशेब करून बघा, किलोभर ज्वारीत गव्हाचे पाचसहा दाणे निघाले तरी ती ओलांडते. म्हणून आमच्याकडे धान्य सुपात हाताने निवडतात. मळणी यंत्र एका शेतात गहू काढून दुसऱ्या शेतात ज्वारीला जातं, बारदानही गव्हाचंच परत वापरतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कितीही चांगली असली तरी गव्हाचे दाणे निघतातच.

आता त्या व्यापाऱ्याचं. नाव लिहीत नाही. आमचा माल तो तीन तालुक्यांत पोचवायचा. एके वर्षी त्याने ऑर्डर कमी केली आणि महिन्याभरात दुकानांत त्याचीच पाकिटं आली. तोच हिरवा रंग, भाजणीवर आमचीच कृती शब्द न बदलता छापलेली, किलोमागे 40 रुपये स्वस्त. दळण कुठे? बाजारातल्या चालू गिरणीत, जिथे दिवसभर गहू पडतो. मी त्याच्या दुकानात जाऊन विचारलं तर म्हणाला, "वहिनी, एवढ्या तेवढ्याने काय होतंय?"

काय होतंय ते कळलंच. ते पीठ खाऊन एक मूल आजारी पडलं आणि बोभाटा झाला. पाकिटं दोन्ही हिरवी! दुकानदारांनी त्याच्याबरोबर आमचाही माल परत केला. बाजरीचं पीठ परत येईपर्यंत कडू झालेलं, ज्वारीची विरी गेलेली, भाकरी थापली की तुटायची. सगळं म्हशीच्या दावणीला. त्याचं काय बिघडलं? त्याच्याकडे साबण, चहा, बिस्किटं होतीच. आमच्याकडे एवढंच होतं. बँकेचा हप्ता थकला, चक्की विकायची बोलणीही झाली. 2019 च्या पुरात पाणी मोटरपर्यंत आलं होतं, तरी एवढं बुडालो नव्हतो.

तेव्हा मिरजेच्या बाई आमच्या तपासणीच्या कागदाच्या झेरॉक्स पिशवीत घालून दुकानादुकानांत फिरल्या. मी सांगितलं नव्हतं. वर नातीच्या दवाखान्यात भेटलेल्या पालकांना आमचा पत्ता दिला. आमची आजची निम्मी गिऱ्हाइकं त्यातून आलेली, पाकीट घरपोच, मध्ये व्यापारी नाही. त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोणी या धंद्यात पडणार असेल तर ऐका. तयार बेसन विकत घेऊ नका, डाळ घ्या आणि स्वतः दळा. हिंग खडा घ्या, महाग पडला तरी. बाजरी मागणीपुरतीच दळा. उधारी नातेवाइकांनाही देऊ नका, त्यांना तर मुळीच नको. आणि घरात असा पेशंट असेल तर डबा, पोळपाट, तवा वेगळा ठेवा, चाळणी तर नवीच आणा.

भाचा आता पुण्यात शिकतो, खोलीवर स्वतःची भाकरी थापतो आणि फोनवर सांगतो, "मामी, यावेळची भाजणी जाड आली." मागच्या दिवाळीआधी त्या व्यापाऱ्याचाही फोन आला. त्याला त्याची ज्वारी आमच्या चक्कीवर दळून हवी होती. मी सांगितलं: धान्य आमच्याकडे निवडायचं, बारदान नवं, तपासणीचा खर्च तुमचा, पैसे आधी आणि पाकिटाचा रंग हिरवा नको. अजून कळवतोय.