पाच नॅनोग्रॅम

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारीच गांजाच्या गमींचा, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्यांचा, डबा असतो. प्रत्येक गमीवर हिऱ्याच्या आकाराची खूण आणि तीत उद्गारचिन्ह उमटवलेले असते. बाई सुरीने तिचे दोन भाग करतात आणि पाठदुखीसाठी रोज रात्री त्यातला एक खातात. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारले की, सकाळी आठला फिजिओथेरपीसाठी गाडी चालवत जाताना आपण कायद्याच्या दृष्टीने नशेत असतो का?

कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ मध्ये गांजाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने वाहनचालकांसाठी मर्यादा ठरवली : एक मिलिलिटर रक्तात टीएचसीचे, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचे, ५ नॅनोग्रॅम. ही कल्पना दारूच्या कायद्यावरून उचललेली दिसते. दारू शरीरातल्या पाण्यात मिसळते आणि बऱ्यापैकी ठरावीक गतीने उतरते, त्यामुळे रक्तातला आकडा आणि डोक्यातली झिंग यांचा मेळ ढोबळमानाने बसतो. टीएचसी मात्र चरबीत मुरते. चिलीम ओढल्यावर रक्तातले प्रमाण काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि झपाट्याने कोसळते, पण अंमल काही तास राहतो. उलट रोज सेवन करणाऱ्याच्या रक्तात, नशा पूर्ण उतरल्यावरही, ते थोडेफार पाझरत राहते. खाल्लेल्या गांजाची तऱ्हा आणखी निराळी, आणि होळीला थंडाईतली भांग ‘चढतच नाही’ म्हणून दुसरा पेला घेतलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणजे हा आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो. नुकताच झुरका मारून महामार्गावर आलेल्या माणसाला पोलिसांनी अडवून रक्त काढायला नेईपर्यंत त्याचे प्रमाण पाचाखाली गेलेले असू शकते, तर सांधेदुखीसाठी नियमित गांजा घेणारा आणि पूर्ण शुद्धीत असलेला रुग्ण त्याच तपासणीत अडकू शकतो. कायदा अन्यायकारक आहे असे म्हणणारे बहुधा या रुग्णाचे उदाहरण देतात. मला तो सुटलेला पहिला माणूस जास्त खटकतो.

तरीही कोलोरॅडोच्या कायद्यात एक शहाणपण आहे. येथे पाचाच्या आकड्यावरून चालक नशेत होता असा निष्कर्ष ज्युरी काढू शकते, पण तो काढायलाच हवा असे नाही, आणि आपले वाहनावर पूर्ण नियंत्रण होते हे दाखवण्याची वाट आरोपीसाठी मोकळी असते. वॉशिंग्टन राज्यात आकडा तोच, परंतु तो गाठला की गुन्हा सिद्ध. ॲरिझोनात तर नशा न आणणारा, शरीरात नुसता उरलेला अवशेषही शिक्षेला पुरेसा धरला जात असे; तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते थांबवले. एखाद्याने गेल्या आठवड्यात काय केले याची शिक्षा आज गाडी चालवल्याबद्दल देणे, याला रस्त्यावरची सुरक्षा म्हणता येत नाही.

गंमत अशी की, गांजा बाळगणेच गुन्हा असलेल्या आपल्या भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ नेमका योग्य प्रश्न विचारते. दारूसाठी त्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण अमली पदार्थासाठी आकडाच नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता का, एवढेच तेथे पाहायचे असते. अडचण पुराव्याची आहे, कारण फुंकर मारून दारू कळते, असमर्थता कळत नाही.

मला विचाराल तर शिक्षा ताबा सुटल्याचीच असावी, आणि तो कसा सुटला हे पोलिसांच्या गाडीतील चित्रफितीने, चालकाच्या वागण्याने आणि प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या साक्षीने सिद्ध व्हावे. रक्ताचा अहवाल त्या साक्षीच्या पाठीशी उभा राहावा, तिच्या जागी नव्हे. यात काही दोषी सुटतील, हे मान्य आहे. आजही सुटतातच.

शेजारच्या बाईंना मी एवढेच सांगू शकले की, अर्ध्या गमीने सकाळपर्यंत पाच नॅनोग्रॅम उरण्याची शक्यता फारच कमी आहे, पण लेखी हमी कोणीच देणार नाही. त्यांनी फिजिओथेरपीची वेळ दुपारी दोनची करून घेतली आहे.