खरा लंबक कोणता?

"सर, मोबाईलमधला लंबक थांबतच नाही. घरी कुलूप टांगलं, ते थांबलं. मग खरा कोणता?"

अकरावीचा वर्ग, तास नुकताच सुरू झालेला. व्हिडिओ आणि फेट (PhET) या वेबसाइटवरचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग, घरी बघून यायचं, तासाला फक्त प्रश्न, असं ठरलंय. बरेचजण व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात, ते सोडा. प्रश्न विचारणाऱ्या या मुलीने सुतळीला सायकलचं कुलूप बांधून कडीला टांगलं होतं!

सिम्युलेशनमध्ये घर्षणाची पट्टी शून्यावरच होती. ती जरा सरकवली. झोके आखडत गेले, पण एका मीटरच्या दोरीला एका आवर्तनाचा, म्हणजे जाऊन परत येण्याचा, वेळ साधारण 2 सेकंदच. मागच्या बाकावरून आवाज, "परत लावा ना सर."

फेट 2002 साली नोबेलविजेते कार्ल वाईमन यांनी सुरू केलं. फुकट आहे. पण कुलूप टांगायचं त्यात कुठेच सांगितलेलं नाही.

तुम्ही लंबकाची रीडिंग्ज खरंच घेतली होती, की शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवली?