सासरेबुवा आणि मोवर
सासरे महिन्याभरासाठी साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. आज सकाळी मोवर (गवत कापायचं यंत्र) बघून म्हणाले, "द्या ते यंत्र इकडे, त्यात काय!" पायात स्लिपर.

आधी बूट घालायला लावले. मग दोघांनी गवतातून चक्कर मारली; सात-आठ खडे, एक काटकी आणि पोराचा हरवलेला चेंडू निघाला. हँडलवरचा दांडा सोडला की पातं 3 सेकंदांत थांबलं पाहिजे, असा इथे 1982 पासून नियम आहे. सासऱ्यांना तो दांडा सतत धरून ठेवणं काही पटेना. "सुतळीनं बांधून टाकू की!" (सुतळी खरंच बॅगेत होती.)

कडेचं गवत दवानं ओलं होतं, तिथं मोवर चोंदला. दांडा सोडून हे लगेच वाकून हात घालायला निघाले. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारी खिडकीत आला! इंजिन बंद होतं, पण पातं हातानं फिरवलं तरी ते चालू होऊ शकतं. इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढली, मग काठीनं गवत उकरलं.

मागच्या उतारावर मात्र समजवावं लागलं नाही. "आडवंच चालवायचं ना? उताराला आडवी नांगरट, ठाऊक आहे."

त्यांच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ आल्यात. बायकोनं फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकलाय.