तुटली नाही, सुटली

गळाने मासे मारताना बारीक विणलेली लाइन (ब्रेडेड) आणि तिच्या टोकाचा जाड तुकडा (लीडर) जोडायला एफजी गाठ मारतात. मागच्या वेळी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझा एफजीचा प्रश्न मिटला. शब्द मागे घेतो. कोजागिरीनंतरच्या फेरीत तिसाव्या-बत्तिसाव्या कास्टला (फेकीला) पुन्हा तेच: दणका बसला, रॉड वाकला, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोनदा किरकिरला आणि मग लाइन एकदम हलकी. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं साडेतीनशेच्या घरात किलोमीटर तुडवून त्या कातळावर उभं राहायचं आणि रिकामी लाइन गुंडाळायची. तुम्ही कोकणातली मंडळी संध्याकाळी चपला अडकवून जेट्टीवर जाता. आमचा एक हुकलेला मासा म्हणजे एक टाकी पेट्रोल.

आतापर्यंत माझा सगळा राग कालवांवर होता. कातळाच्या कडेला कालवांची धार असते, तांबोशी लागली की थेट खडकात शिरते, लाइन तिथेच कापली जात असणार, असं मी धरून चाललो होतो. म्हणून लीडर ४० पौंडावरून ६० वर नेला. फरक शून्य. उलट जास्तच वेळा गेली. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

प्रकाश पाडला तो शेजारच्या तात्यांनी. तात्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं, चादरी आणि टॉवेल. मासा खातात, पण समुद्र एकदाच पाहिलाय. मी अंगणात रीळ धूत होतो, त्यांनी लाइनचं टोक उचललं, घरातून धागे मोजायचं भिंग आणलं आणि मिनिटभर बघून म्हणाले, "तुटलं नाय बे हे. सुटलंय."

मीही भिंगातून पाहिलं. खडकावर कापलेल्या ब्रेडेडचं टोक पिंजलेलं असतं. हे टोक तर मी कात्रीने कापलं होतं तसंच शाबूत, आणि मागचा भाग स्प्रिंगसारखा वळलेला. म्हणजे लीडर त्या वेटोळ्यातून अलगद निसटला होता. सहा महिने मी कालवांना शिव्या घालत होतो!

मग तात्यांनी मला गाठ बांधून दाखवायला लावली. मी ब्रेडेड मांडीवर सैल धरून वेटोळे घेत होतो, वीस-बावीस, आणि शेवटी एकदाच ओढत होतो. ते हसले. ताणा घट्ट असला तरच बाणा बसतो, एवढंच म्हणाले. खरं तर एफजी म्हणजे गाठ नव्हेच, वीण आहे. ब्रेडेड ताठ ताणलेलं हवं आणि लीडर धोट्यासारखा एकदा वरून, एकदा खालून फिरवायचा. ताण एकदा जरी ढिला पडला तरी आधीचे वेटोळे उकलतात, वरून मात्र गाठ देखणीच दिसते. ६० पौंडाचा लीडर जाड आणि ताठ, त्यात माझं ब्रेडेड पीई २, म्हणजे बारीक. ते त्यात रुतणार कसं?

आता रॉड खिडकीच्या गजाला बांधतो, ब्रेडेडचं टोक कमरेच्या पट्ट्याला, आणि मागे रेलून विणतो. वीस फेऱ्या झाल्या की थुंकी लावून, हाताला जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळून जीव खाऊन ओढायचं. ब्रेडेडचा रंग गडद होऊन ते लीडरमध्ये बसलेलं दिसलं पाहिजे. रंग बदलला नाही तर गाठ फेकून द्या. हाफ हिच, म्हणजे शेवटच्या साध्या गाठी, त्यानंतर.

चाचणी गच्चीवर, रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत तांब्या-तांब्याने पाणी ओतत. माझी जुनी गाठ ताजी असताना ९ लिटरला टिकली होती, म्हणून तर तोरा मिरवला. पण या वेळी आधी ती रॉडच्या टोकाच्या रिंगमधून दोनशे वेळा ओढली आणि मग पाणी ओतलं. ५ लिटरलाच सुटली. कास्टगणिक रिंगवर आपटून ती ढिली होत होती. माझा ड्रॅग साडेतीन किलोवर असतो, पण खडकाकडे पळणाऱ्या माशाला थांबवायला स्पूलवर (लाइनच्या चक्रीवर) तळवा दाबतोच आपण. पाच किलो व्हायला कितीसा वेळ? नवी गाठ तेवढीच घासून ११ लिटरला टिकली. त्यानंतर लाइन तुटली, पण बादलीच्या कडीपाशी. तात्यांना चहा पाजला.

कार्तिकातल्या दशमीला परत गेलो. तिथीची पाऊणपट म्हणजे साडेसातला भरती, हे गणित आमच्याच गावच्या दाते पंचांगातून. मंगळवेढ्याच्या अलीकडे दिंड्याच दिंड्या, गाडी वीसच्या वर जाईना. आई निघताना म्हणाली होती, "लोकं पांडुरंगाला निघालीत आणि तू मासे मारायला." यावर काय बोलणार?

जागा सांगणार नाही, रागावू नका. पहाटे वीस मिनिटं नुसता लाटा बघत बसलो (हे चुकवू नका, मोठी लाट सांगून येत नाही), कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, मग उतरलो. मतलई वारा पाठीवर, मिनो (माशासारखं नकली आमिष) मस्त लांब जात होता. सातच्या सुमारास दीड किलोची तांबोशी. लाटेबरोबर वर घेतली, गाठ बोटाने चाचपली: जशीच्या तशी. उद्या एकादशी, घरी न्यायची सोय नाही, म्हणून खानावळीतल्या काकूंना दिली.

नंतर एक खरा मोठा लागला. चार मिनिटं झुंज, तळवा स्पूलवर, गाठ दोनदा रिंगमधून आत-बाहेर. आणि सुटला. पण मिनो परत आला! मागच्या ट्रेबलचे (तीन टोकांच्या गळाचे) दोन गळ काडीसारखे सरळ झालेले. मी कातळावर एकटाच हसत होतो. मासा गेला त्याचं दुःख आहेच, पण गाठ टिकली होती.

स्वस्त मिनोवर कंपनीचे गळ ठेवू नयेत, हे तुम्ही सांगितलं होतंत. मान्य. सोलापुरात खाऱ्या पाण्याचं सामान मिळत नाही, आणि ज्या ऑनलाइन दुकानाने मागे रॉडची नळी वाकवून पाठवली त्याच्याकडे आता जाणार नाही.

लीडर परत ४० वर आणलाय, आणि लांबी दोन मीटरवरून सव्वा मीटर करायचं ठरवलं होतं, म्हणजे कास्ट करताना गाठ रिंगच्या बाहेर राहील. पण हे लिहिताना वाटतंय, खडकात घासायला लांब लीडरच हवा. त्यापेक्षा आठ पदरी ब्रेडेड सोडून चार पदरी घ्यावं का? ते खरखरीत, लीडरमध्ये जास्त रुततं, कास्टिंग थोडं कमी झालं तर झालं. रविवारी हिप्परग्याच्या तलावावर गळ काढून नुसतं शिसं लावून शंभर कास्ट मारतो, दोन्ही लांब्यांनी, आणि गाठी तात्यांच्या भिंगाखाली ठेवतो. १२ सेंटीमीटरच्या मिनोला ट्रेबलऐवजी सिंगल (एकेरी गळ) लावायचे तर १/० माप पुरेल की २/०? शनिवारपर्यंत सांगा, ऑर्डर टाकायचीय.