मॅडम रजेवर आहेत

घटस्फोटातलं बाकी सगळं कसं पार पडलं, ते आता नीट आठवतही नाही. नोटीस, वकीलपत्र, नवऱ्याचं लेखी म्हणणं, झालं एकेक. अजून ठसठसतो तो कोर्टातल्या समुपदेशकांच्या खोलीबाहेरचा बाक.

लेक तेव्हा सात वर्षांची. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात आहे. आमचं ते वय उलटून गेलं होतं. दोघांनीही ताबा मागितला. न्यायाधीश म्हणाले, समुपदेशक मुलीशी बोलतील, अहवाल येऊ दे, मग अंतरिम अर्जाचं, म्हणजे निकाल लागेपर्यंत मुलगी कुणाकडे त्याचं, बघू. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

पाच महिने लागले.

पहिल्या वेळी आदल्या रात्री तिला सांगितलं, उद्या एक मावशी तुझ्याशी गप्पा मारणार आहेत. पोर रात्रभर तळमळली. शाळा बुडवून, रजा टाकून साडेदहाला हजर झालो. एक वाजता शिपाई म्हणाला, "मॅडम रजेवर आहेत." दुसऱ्या वेळी मॅडम प्रशिक्षणाला. तिसऱ्या वेळी मॅडम होत्या, तर तिचे बाबा आले नाहीत. चौथ्या वेळी फाईलच खाली आली नाही. तोवर लेकीनं नखं कुरतडून बोटं लाल केली होती आणि कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. त्यात एक कारकून जाता जाता गमतीनं विचारून गेला, "काय गं, आई पाहिजे की बाबा?" तिनं माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

(हे आधीच सांगायला हवं होतं: मुलांना आदल्या रात्री काही सांगू नका, निघताना सांगा. डबा आणि रंगपेटी बरोबर ठेवा. मॅडम आहेत का, हे फोन करून विचारा. फोन बहुतेक लागत नाही, तरी करा.)

पाचव्या वेळी ती एकदाची आत गेली. मी बाहेर, चाळीस मिनिटं. मग मला बोलावलं. मॅडमनी तिला आई की बाबा असं विचारलंच नव्हतं. वेणी कोण घालतं, ताप आला की रात्री कुणाला हाक मारतेस, एवढंच. मला म्हणाल्या, "मुलगी सांगत होती, बाबांमुळे मला मानसिक त्रास होतो. सात वर्षांच्या पोरीला हा शब्द कुठून आला?"

माझ्या अर्जातून, परिच्छेद अकरा. रात्री स्वैपाकघरात दादाला फोनवर वाचून दाखवायचे, तेव्हा ती शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असायची. मी तिला पढवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिनं ऐकून पाठ केलं होतं. पाच महिने साठवलेलं भांडण घेऊन मी आत गेले होते, त्यातला एक शब्द तोंडातून फुटला नाही. पहिल्याच तारखेला भेट झाली असती तर हे तिच्या कानावर एवढं पडलं नसतं, असं अजून वाटतं. पण तो फोन काही कोर्टानं लावला नव्हता.

मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाबद्दल विष कालवण्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका निकालात लिहिलं आहे. वकीलबाईंनी तो मला वाचायला दिला, पण नंतर.

ताबा माझ्याकडे आला, दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार बाबांकडे. आदेशाच्या प्रमाणित नकला दोन घ्या, एक शाळेत लागते. भेटीची वेळ आणि जागा आदेशात लिहून घ्या, "परस्पर सोयीनुसार" ठेवू देऊ नका. आम्ही गणपतीचे दिवस लिहून घ्यायला विसरलो, दर भाद्रपदात त्यावरून वाजतं.

हल्ली शनिवारी मी रिक्षातून उतरत नाही, तिची पिशवी तीच घेते. परवा वळून म्हणाली, "आई, रात्री फोन करू नकोस हं, आम्ही पत्ते खेळणार आहोत." मी बरं म्हटलं. साडेआठला केलाच.