एकदाचा फ्रिज आवरला!

रविवारची सकाळ फ्रिजने खाल्ली. भाजीच्या ट्रेखाली रोज पाणी साचायचं आणि मी आपली कोथिंबिरीला दोष देत होते. आज सगळं बाहेर काढलं तेव्हा कळलं. आतल्या मागच्या भिंतीला खाली बारीक भोक असतं ना, वितळलेलं पाणी बाहेर जायला, त्यात कढीपत्त्याचं पान अडकलेलं! इअरबडने हळूच काढलं, कोमट पाणी सोडलं, झालं. मेकॅनिकचे पैसे वाचले.

बाकी उत्खननात श्रीखंडाचे ३ डबे सापडले. श्रीखंड एकातही नाही. एकात गुलाबी पडलेलं ओलं खोबरं, दुसऱ्यात गणपतीतलं पंचखाद्य, तिसरा उघडायची हिंमत झाली नाही. सायीचं पातेलं मात्र सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. "उद्या लोणी काढायचंय." हे 'उद्या' सोमवारपासून चालू आहे.

दाराच्या रबरातला काळा थर खायचा सोडा आणि जुन्या टूथब्रशने निघाला. दूध दारातून उचलून आत मागे ठेवलं, दारात त्याला सारखी गरम हवा लागते.

आता फ्रिज इतका मोकळा दिसतोय की नवरा दार उघडून उभा, "आज जेवायला काहीच नाही का गं?"